मोझिकवरून दोन वाजता

“आधी ऐक, रेझका. कुणी बोलत नाहीये ना, ते विचार. मगच तोंड उघड.” हौशी बिनतारी रेडिओवर बोलायला शिकवताना वडिलांनी हे पहिलं सांगितलं. तेवीस वर्षं मी ते पाळत आले आहे.

त्या शुक्रवारीही स्लात्निकच्या माथ्यावर पोचल्यावर मी आधी ऐकलंच. साडेअकरा वाजले होते. जानेवारीचं फिकट ऊन, वारा अजिबात नाही. गुडघाभर बर्फ, आणि खालच्या सोरिश्काच्या पठारापासून इथवर फक्त माझ्याच पावलांची रांग. मी काठी बर्फात रोवली, तार ताणली, ऊब राहावी म्हणून कोटाच्या आत ठेवलेली बॅटरी जोडली. चार जणांशी बोलणं झालं की तो डोंगर वहीत धरला जातो. चार झाले की उतरायचं, असं ठरवूनच आले होते. दुपारनंतर वादळ सांगितलं होतं.

हाक दिली. क्रानहून आलेन्काने लगेच ओ दिली.

“अगं, परत? अर्ध्या तासापूर्वीच तर बोललो आपण! स्लात्निकवरूनच. माझ्या वहीत आहेस तू.”

“अर्ध्या तासापूर्वी मी जंगलात धापा टाकत होते, आलेन्का.”

तेवढ्यात द्रागो मध्ये घुसला. हा आमच्या मंडळाचा अध्यक्ष. बायकांनी रेडिओ सोडून लेस विणावी, असं भर बैठकीत म्हणणारा.

“रेझकाबाई, एकाच डोंगरावर दोनदा हात मारताय? मेरीमातेपुढे मेणबत्त्या लावून हेच मागता वाटतं?”

माझं डोकं भणाणलं. मी आवाज चढवत नाही. घरात नाही, चर्चमध्ये नाही, कुठेच नाही. पण माझ्या नावाने दुसरं कुणी बोलतं म्हणजे काय? रेडिओवर नाव म्हणून सांगायची परवान्यावरची अक्षरं आधी वडिलांची होती. ते गेल्यावर मी ती मागून घेतली होती.

“हे उद्योग तुमच्याच कुणाचे तरी आहेत, द्रागो. लाज नाही वाटत?”

“माझ्यावर कशाला घसरतेस? मी सगळं टेप करतो. ऐक तूच.”

त्याने ऐकवलं. आवाज माझाच होता. वाक्याआधी घसा खाकरायची सवयसुद्धा माझीच. फक्त मागे वारा होता, असा की शब्द तुटत होते.

“...मोझिकवरून दोन वाजता हाक देते, लोव्रेन्सआजोबा. माझ्या नऊ शुक्रवारांची शपथ.”

ते नऊ शुक्रवार मी लोव्रेन्सआजोबांच्या श्वासासाठी धरले होते. कोरडा पाव आणि पाणी. आज सातवा. हे मी कुणाजवळही बोलले नव्हते, पाद्रीबाबांजवळसुद्धा नाही.

द्रागोची थट्टा थांबली. “रेझका? तू खरंच तेव्हा वाटेत होतीस?”

मी उत्तर द्यायच्या आत आजोबांचा बारीक आवाज आला. आमच्या मंडळातले हे आजोबा चार वर्षं अंथरुणावर आहेत. नाकात नळी, उशाशी रेडिओ.

“पोरी, आज मला इस्पितळात नेतायत. तिथे रेडिओ चालत नाही. दोनशे डोंगर ऐकले मी, एक तुझ्या शेजारचा मोझिकच राहिला. तू म्हणालीस म्हणून एकची गाडी तीनवर ढकलली. सून चिडलीय माझ्यावर. येशील ना?”

“आजोबा, ते मी...”

आलेन्का म्हणाली, “जाऊ नकोस गं. मोझिकच्या कड्यावर बर्फाची झालर लोंबतेय. परवाच फोटो पाहिला.”

संतापाने डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी माझा शब्द माझ्याच तोंडून चोरून एका म्हाताऱ्याला दिला होता. आणि तो मोडला, तर मोडणारी मीच ठरणार होते.

“दोन वाजता, आजोबा,” मी म्हटलं.

“वेडी आहेस का?” द्रागो ओरडला. “थांब, मी सांगतो त्यांना...”

“तुम्ही काही सांगायचं नाही.”

तीन नावं झाली होती. चौथ्यासाठी मी पुन्हा हाक दिली.

कुणी बोललं नाही. रेडिओतून वारा ऐकू आला.

माथ्यावर काठीला बांधलेली फीत हलतही नव्हती.

मी सामान बांधलं.

कड्याच्या वाटेवर शंभरेक पावलांवर ठसे लागले. कुठूनही आलेले नव्हते. कोऱ्या बर्फात मध्येच सुरू होऊन मोझिककडे गेले होते. बर्फावर चालायला बुटाखाली बांधायच्या माझ्या डाव्या दातेरी पट्टीचा पुढचा दात रविवारी तुटला होता. त्या ठशांतही तो नव्हता.

त्यांत मी पाय घातला नाही. हातभर अंतर सोडून, दातओठ खात, स्वतःची वाट तुडवली.

वीस पावलांवर मागे पाहिलं.

दोन हव्या होत्या, पण बर्फात ठशांची एकच रांग होती.

मी टोपी कानांवर ओढली आणि मोझिककडे चालू लागले.