दगड उचलले काय

अपघात झाल्यावर काय करायचं याची दहा मुद्द्यांची यादी माझ्या फोनमध्ये आहे. प्रणिता झाली त्या वर्षी मी ती लिहून ठेवली. जीवन, माझा नवरा, तिला 'तुझी पोथी' म्हणतो. परवा शनिवारी ती कामी आली तेव्हा मला भीतीपेक्षा समाधानच जास्त वाटलं, हे कबूल करते.

आदिलाबादहून तामसीला सासरी निघालो होतो. मामाजींचा चष्मा दुरुस्तीला दिलेला, तो आधी घेतला. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) तामसी जवळ आली असताना, संध्याकाळी साडेसहाला, रानडुक्कर आडवं आलं. जीवननं गाडी वळवली आणि पुढचं चाक पुलाच्या कठड्यावर आदळलं. तिघांनाही साधं खरचटलं नाही. मी यादी उघडली. इंजिन बंद. पोरीला रस्त्यापासून लांब नेलं. फोटो काढले. विमावाल्यांना फोन केला. मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून लाल त्रिकोण ठेवायचा होता, तो डिक्कीत नव्हता. मग जीवननं गाडीमागे सहा मोठे दगड मांडले आणि वर पळसाच्या फांद्या टाकल्या, सगळे टाकतात तशा. तासाभरानं क्रेन आली आणि गाडी टोचन करून मामाजींच्या अंगणात सोडून गेली.

जेवणं झाल्यावर मामाजी अंगणात बाजेवर बसले. प्रणिता माझ्या मांडीवर झोपली होती. मी त्यांना यादी वाचून दाखवली, थोडं कौतुक व्हावं म्हणून. त्यांनी दहाही मुद्दे ऐकले.

"बरं लिवलं," ते म्हणाले. "खुशालनं बी हेच सारं केलं होतं."

"कोण खुशाल?"

"जैनथ गावचा. किराणा दुकान हाये त्याचं. माह्या संगं शिकला. हे त्यानंच सांगतलं मले, एकट्याले."

दोन हजार तेवीसचा डिसेंबर, चौदा तारीख. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. खुशालनं विहिरीवरची मोटर आदिलाबादला वाइंडिंगला दिली होती, ती घेऊन तो रात्री परत येत होता. कापसानं भरलेली एक ट्रॉली बिनदिव्याची पुढे चालली होती. ऐनवेळी दिसली. गाडी घासली, एक्सल तुटला, गाडी रस्त्यातच बसली. त्यानं फोटो काढले, फोन केले. मागे आठ दगड मांडले, पळसाच्या फांद्या टाकल्या. क्रेन आली ती साडेदहाला.

"घरापाशी उतरला तवा त्याले आठवलं. दगड रस्त्यावरच राह्यले. चार किलोमीटर बी नवतं. पण प्रगती, त्याची बायको, घट मांडून उपाशी बसली होती. थो म्हणे, कोणी तरी उचलंल."

मामाजी थांबले. जीवन हसला, मग मामाजींचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं.

"पहाटं धुकं होतं. गावातला उद्धवराव डोक्याले मफलर गुंडाळून, वांग्याचं पोतं बांधून मोटारसायकलीनं निंगाला..."

"दगडावर?" जीवननं विचारलं.

मामाजींनी नुसती होकारार्थी मान हलवली.

"पंचनाम्यात लिवलं, अज्ञात इसमानं ठेवलेले दगड. अज्ञात इसमानं खांदा देला बाप्पा उद्धवरावाले. मंग घरी येऊन विम्याचे कागद भरले. सारे फोटो देले. दगडाचा तेवढा पुसून टाकला."

मामाजींनी आवाज खाली घेतला.

"पुढचा गुरुवार. एकवीस तारीख. अकराले दहा कमी. थोच रस्ता. उजेडात फांद्या दिसल्या. ताज्या. माणूस वाकला होता. डोक्याले थोच मफलर. एक दगड उचले... कडेले ठेवे. पुन्हा येये. खुशालनं गाडी थांबवली. काच वर. थो माणूस काचेपाशी आला. म्हणे, खुशालभाऊ... एक राह्यला. धरू लागता काय."

"मग?"

मामाजी बाजेची दोरी चाचपत राहिले.

"मामाजी, मग?"

"नाई उतरला. मागच्या मागं गाडी घेतली."

सकाळी खुशालच्या दारात, गाडीच्या मागच्या चाकाशी एक दगड होता. वर पळसाची फांदी. त्यानं तो नेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा होता.

"अजून?"

"अजून."

"त्यांनी उद्धवरावांच्या घरी सांगितलं का?"

"राहीबाईले? नाई. ते बिचारी त्या अज्ञात इसमाले रोज शिव्या देते. खुशालच्याच दुकानात बसून. हा तिले साखर बांधून देते."

मामाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, तुमी दगड उचलले काय?"

मी जीवनकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे. मला वाटलं होतं, मांडले त्यानं म्हणजे उचलेल तोच. त्याला वाटलं होतं, यादीत असेल तर मी सांगेनच.

"कोणी तरी..." जीवन म्हणाला आणि पुढचं गिळलं.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

जीवन आणि मामाजी घरच्या मोटारसायकलवर निघाले तेव्हा नऊ वीस झाले होते. मी फाटकाची कडी लावली. बाजेवर प्रणिताला कुशीत घेऊन बसले. यादी पुन्हा वाचली. दहावा मुद्दा, 'शांत राहा.' कोणी लिहिलं होतं हे? मीच. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. मागे कोणी बाई बसली असेल. तिच्या मांडीवर लेकरू असेल. मी कान लावून बसले. आवाज लांब गेला... आणि थांबला नाही. बरं वाटलं.

दहाला पाच कमी असताना ते आले. मी कडी काढली.

"कडेला होते," जीवन म्हणाला. "ओळीनं लावलेले."

"कोणी लावले?"

"कोणी नव्हतं तिथे."

"किती होते?"

"पाच."

"सहा होते." मी फोन पुढे केला. फोटोत सहाच होते.

"अंधारात दिसला नसेल एखादा."

मामाजी आमच्या गाडीकडे पाहत होते. मग त्यांनी जीवनच्या हातातली बॅटरी घेतली आणि उजेड खाली नेला.

मागच्या चाकाशी दगड होता. बाजेपासून चार पावलांवर. वर पळसाची फांदी.

मी हात लावला. मोडलेला देठ अजून ओला होता.