टेपचा पट्टा

ती त्या दुकानात पहिल्यांदा शिरली ती चुकून. घ्यायची होती बटणं, आणि ती मिळायची शेजारच्या दुकानात. पण आत मोडक्या रेडिओंच्या ढिगाऱ्याआड एक माणूस कुठल्याशा टेपरेकॉर्डरला "चल ना राजा, ऊठ आता" असं समजावत होता. तिच्या घरचा टेपही तेव्हा प्रत्येक गाणं रडत रडत म्हणत होता. असं जुळलं.

पुढची काही वर्षं ती तिथे जात राहिली. ती शिवणकाम करायची. पँटची पट्टी दुमडायला दीड गाणं लागतं, असा तिचा हिशेब. टेप बंद, की हातही बंद. तो टेपच्या आतला रबरी पट्टा बदलून द्यायचा, थोड्याच दिवसांत पट्टा पुन्हा सैल पडायचा. ती तणतणत यायची, तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. खरं सांगायचं तर दोघांनाही त्या तणतणीची गोडी लागली होती. पण बोलतंय कोण!

मग एकदा त्याने टेप तसाच तिच्यापुढे ठेवला.

"टेलरबाई, पट्टे येणंच बंद झालं आता. तुमची गाणी फोनवर घेऊन देतो. फोन आहे ना?"

"आहे की. बोलायला."

"त्यावर ऐकताही येतं हो. हे लावा कानांना." त्याने आपल्या फोनला जोडलेले मोठाले हेडफोन पुढे केले.

गाणं सुरू झालं — आधीची खरखर नाही, काही नाही. दार न वाजवता पाहुणा आत यावा तसं. आणि... ओळ उचलण्याआधी गायिका श्वास घेते! इतकी वर्षं हेच गाणं ऐकलं, तो श्वास कधी कानावर आलाच नव्हता.

"बिघडतं का हे कधी?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

ती मनाशीच पुटपुटली. म्हणजे, तिला वाटलं पुटपुटली. कान झाकून बोलायची सवय कुठे होती तिला? साऱ्या दुकानाने ऐकलं, "मग आता मी इथे यायचं तरी कशाला? हा माणूस मला दिसायचा कसा?"

मिक्सर घेऊन बसलेल्या काकूंनी गर्रकन वळून पाहिलं. त्याचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलू लागला — अडखळत, मग भराभर. ती आपली गाणं ऐकत मंद हसत होती.

शेवटी काकूंनीच उठून तिचे हेडफोन ओढले. "अगं बाई, ऐक तरी! तो बिचारा एवढं सांगतोय आणि तू डोलतेस काय!"

"काय सांगताय?" तिने त्याला विचारलं.

"काही नाही..."

"काही नाही कसं? म्हणाला, पट्टा दरवेळी मुद्दाम सैल बसवायचो. तू परत यावीस म्हणून." काकूंनी आपला मिक्सर छातीशी धरला. "आणि मेल्या, हा?"

"नाही हो काकू! तो खरंच जळलाय."

रागवावं का, हे ठरवायला तिला जरा वेळ लागला. तोवर तिने हेडफोनची वायर नीट गुंडाळली.

"मी इतकं ताडताड बोलायचे. वाईट नाही वाटलं?"

"त्यासाठीच तर सैल बसवायचो."

"रविवारी दुकान बंद ना?"

"हो."

"मग घरी या. काहीही बिघडलेलं नसताना."

"हत्यारं आणू?" सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

"नको," ती म्हणाली. "रिकाम्या हातांनी या."