सोडू का, आई?

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. कनकाअक्का आमच्या घरातल्याच. उभ्या जन्मात त्यांनी कधी थाप मारली नाही.

साल १९५८. मद्रास. मार्गळी महिन्यातली, ऐन थंडीतली सकाळ, सहाचा सुमार. एका मोठ्या इस्पितळातला बायकांचा वॉर्ड.

अक्का तिथं नर्स होत्या. रक्त काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. काचेची सिरिंज उकळायची, सुईचं टोक कापसावरून फिरवून बघायचं, दंडाला रबरी नळी बांधायची आणि म्हणायचं, "मूठ आवळ." रक्त आलं की नळी सुटायची, सुई निघायची, कापूस दाबला जायचा. मग शब्द यायचा, "सोड."

सात नंबरच्या खाटेवर त्यांची नऊ वर्षांची गोदा तापानं पडली होती. तिची शीर आईखेरीज कुणाला सापडायची नाही.

"आई, सोडू का?" ती रोज विचारायची. सांगितल्याशिवाय मूठ उघडायची नाही. फार गुणी पोर.

त्या सकाळी सुई निघाली, कापूस दाबला, तेवढ्यात पलीकडची बाई घाबरी झाली.

"अय्यो, अक्का, लवकर या!" दुसरी नर्स विजयलक्ष्मी ओरडली.

अक्का धावल्या. "सोड" म्हणायचं राहिलं.

परतल्या, तेव्हा गोदा गेली होती.

मूठ मिटलेली… कुणालाच उघडता आली नाही. तशीच चितेवर गेली.

चौदाव्या दिवशी अक्का कामावर आल्या. सात नंबरवर आता एक म्हातारी होती. रक्त काढून झालं, नळी सुटली.

आणि वॉर्ड गप्प झाला… खोकला नाही, भांड्यांचा आवाज नाही, बाहेरचे कावळेसुद्धा नाहीत.

मग अगदी कानाशी…

"आई, सोडू का?"

म्हातारीचे ओठ मिटलेले होते.

त्यानंतर रोज तेच. अक्कांनी तो शब्द म्हणणंच बंद केलं. पेशंटची मूठ त्या आपल्या हातानं उघडू लागल्या.

"एकदा म्हणून टाका, अक्का," त्यांच्याकडून सगळं ऐकून विजयलक्ष्मी कळवळून म्हणाली. "लेकरू मोकळं होईल."

"होईल गं. मग उद्या सकाळी मला आई कोण म्हणेल?"

चार वर्षं गेली. एका सकाळी आवाज आला, पण शब्द निराळे होते…

"आई… हात दुखतोय."

अक्का ढसाढसा रडल्या. तोंड उघडलं… आणि म्हणाल्या, "थांब राजा. झालंच हं."

अक्काही गेल्या. तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही.

सांगितल्याशिवाय मूठ न उघडणारी ती पोर… अजून थांबली असेल का हो?