उबदार रात्रींची द्राक्षं

ठेंगूने आकडा सांगितला आणि कुंदाआत्या वेलींच्या ओळीतच मटकन खाली बसली.

ठेंगू म्हणजे आमच्या बागेतला यंत्रमानव. माझ्या गुडघ्याएवढा, चार चाकांवर फिरणारा, घडाला सुई टोचून साखर मोजणारा. "साखर चोवीस टक्के! आजवरची सर्वांत गोड द्राक्षं," असं तो मोठ्या ऐटीत म्हणाला होता. मी टाळ्याही वाजवल्या. आत्याने मात्र दोन मणी तोंडात टाकले आणि ती रडायलाच लागली. गोड द्राक्षांनी कुणी रडतं का? मला तर तिचा रागच आला.

आत्या वनस्पतिशास्त्रज्ञ. प्रयोगशाळा सोडून ती भोरकड्यावर आली आणि द्राक्षं लावली. शेणखत आणि जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे घालून आंबवलेलं पाणी) एवढंच ती घालते, रसायनाचा थेंबही नाही. या द्राक्षांची ती पांढरी वाइन करते. ती मोठ्यांसाठी, मला नुसती द्राक्षं मिळतात.

"झालं काय पण?" मी विचारलं.

"यंदा वाइन नाही, ऋजू. केली तरी पांचट होईल, टिकणारही नाही. आंबटपणाच गेला."

"कुठे गेला?"

"मण्यांनीच जाळला." तिने डोळे पुसले. "झोपेतही तुझा श्वास चालू असतो ना? मण्याचंही तसंच. त्याचं श्वसन (साठवलेलं हळूहळू जाळून ताकद मिळवणं) रात्रंदिवस चालतं. हिरव्या मण्यात आम्ल (आंबट चव देणारा पदार्थ) साठतं. मणी नरम पडायला लागला की तो तेच आम्ल जाळतो. हवा गार असली तर सावकाश, उबदार असली तर भराभर. दिवसाचं ऊन साखर भरतं आणि गार रात्र आम्ल राखते. आपल्याला दोन्ही लागतं."

यंदाच्या रात्री किती गार होत्या ते मी ठेंगूला विचारलं.

"जानेवारीत सरासरी सोळा अंश. ही बाग लावली त्या वर्षी तेरा."

"मग बाग आणखी वर नेऊ!"

"वर काय आहे?" आत्या म्हणाली.

मी वर पाहिलं. कड्याची धार, मग आभाळ. तिची पहिली बाग पायथ्याशी होती, दुसरी मधल्या पठारावर. गारव्याच्या मागे ती चढत आली होती आणि आता डोंगरच संपला होता.

"एप्रिलची छाटणी करणार नाही," ती म्हणाली. "उपटून टाकते सगळं."

मला रडू फुटलं. मी जन्मले त्या वर्षी लावलेली बाग ही! सगळा राग मी ठेंगूवर काढला. "आंबटपणा चाललाय हे आधी सांगता येत नव्हतं, मुडद्या?"

"मला साखर मोजायला सांगितली होती," ठेंगू शांतपणे म्हणाला. "बावीसच्या आत बोलायचं नाही असा हुकूम आहे. बावीस झाली तेव्हा सांगितलं, पण तोडणीला माणसं मिळेपर्यंत चोवीस झाली."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "माझंच चुकलं," ती हळूच म्हणाली. "पूर्वी बावीस झाली तरी आंबटपणा शाबूत असायचा. तो मोजावा असं कधी वाटलंच नाही."

"शास्त्रज्ञ असून?"

"शास्त्रज्ञ असून."

"मग पुढच्या वर्षी लवकर तोडू. गोडी थोडी कमी, पण आंबट असतानाच."

तिने बोटांवर हिशेब केला. "तीन आठवडे आधी. जमेल. पण रात्री अशाच तापत गेल्या तर फार तर दहा वर्षं. मग गोडी भरायच्या आत आंबटपणा संपेल. तोडायला योग्य असा दिवसच उरणार नाही."

"दहा वर्षांनी मी एकवीसची होईन. वाइन चाखायच्या वयाची."

"म्हणजे तुझ्या वाट्याला एकच साल येईल," आत्या म्हणाली. ती हसली नाही.

 त्या वर्षीची सगळी द्राक्षं आम्ही बेदाण्यांसाठी वाळत घातली.

एप्रिलमध्ये एका सकाळी तिने मला हाक मारली. तिच्या हातात छाटणीची कात्री होती. वेलीची एक काडी धरून ती म्हणाली, "इथून काप. नीट शिकून घे. अकरावं वर्ष कसं आणायचं ते तुलाच शोधायचंय."