पूर्णिमाने निवडलेला मिक्सर

भुतं रात्री बाराच्या ठोक्यालाच येतात असं ज्याने ठरवलं, त्याला एकदा माझ्या मावसबहिणीकडे पाठवा. तिच्यावर जे गुदरलं ते भर दुपारी. पावणेएकला. वारज्यातल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर.

मार्च २००९, गुरुवार.

मी तिचा गळा डोळ्यांनी पाहिला आहे. डॉक्टरांचे कागद वाचले आहेत. ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल तसं समजावं, मी वाद घालणार नाही. माझ्यात तेवढी ताकद उरलेली नाही.

पूर्णिमा मूळची अमरावतीची. नवरा दिग्विजय हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. ती चार वर्षं एका कॉल सेंटरमध्ये होती. तिथे तिचं नाव पॅम. अमेरिकेतली माणसं पॅमला शिव्या घालायची आणि पॅम त्यांना थँक्यू म्हणायची. मग मंदी आली आणि पॅमची नोकरी गेली.

पण आवाज होता ना! फार गोड नाही, पण स्वच्छ, भरवशाचा. दुसऱ्यांच्या स्टुडिओत जाऊन तिने दोन-तीन जाहिराती केल्या आणि मग पहिलं मोठं काम मिळालं. चाकणच्या एका कारखान्यातल्या कामगारांसाठी सुरक्षेचे धडे, मराठीत. चाळीस धडे, आणि शेवटी तिचं नाव... ‘आवाज : पूर्णिमा’.

"आता मी माझ्या नावाने बोलणार," ती मला फोनवर म्हणाली होती. तिला दुसरं काही नको होतं हो. एवढंच हवं होतं.

घरातल्या लहान खोलीचा स्टुडिओ झाला. भिंतींवर गोधड्या, खिडकीला गादी, दाराच्या फटींना फोम. पंखा बंद, कारण तो माइकमध्ये येतो. ट्यूबसुद्धा बंद, कारण ती गुणगुणते. लॅपटॉपच्या उजेडात वाचायचं.

दाराबाहेर एक लाल दिवा लावला होता. तो पेटलेला असेल तर कुणीही दार वाजवायचं नाही, घराला आग लागली तरी. हा नियम सासूबाईंमुळे झाला. सुशीलाबाईंनी एकदा ऐन वाचनाच्या सरावात दार उघडून विचारलं होतं, "भाजी कोणती करू व?"

बाई मनाने साधी. त्यानंतर तिने नियम काटेकोर पाळला. फार काटेकोर पाळला.

राहिला होता फक्त मिक्सर. वाटण-घाटणाचा नव्हे. माइकचा आवाज कमी-जास्त करून लॅपटॉपला पोचवणारं, बटणांचं छोटं यंत्र. त्यासाठी पूर्णिमा बुधवार पेठेत अनंत नावाच्या एका दुकानदाराकडे गेली.

"माइक किती?" अनंतने मान वर न करता विचारलं.

"एक."

"बोलणार कोण कोण?"

"मी एकटीच."

"मग हा घ्या. दोन चॅनलचा, नवा, वॉरंटीवाला. तोंड एक असताना लोक मोठे मिक्सर का नेतात ते मला कळत नाही. बटणं जास्त असली की आवाज सुधारतो, असं वाटत असावं."

तिने हेडफोन लावला. नव्या मिक्सरमध्ये बारीक सूं... सूं येत होतं. बाकी कुणाला ऐकू आलं नसतं. तिला आलं.

तेवढ्यात खालच्या फळीवर तिची नजर गेली. जुना, करड्या पत्र्याचा, चार चॅनलचा मिक्सर.

"तो नको," अनंत म्हणाला.

"का?"

"तीनदा विकला, तीनदा परत आला. कारण लोक सांगत नाहीत, मी विचारत नाही. चौथ्या चॅनलचं बटण अर्ध्यावर अडकलंय. नवा घ्या, बाई."

"एकदा ऐकू तर द्या."

त्याने नाइलाजाने जोडून दिला. तिने हेडफोन लावला आणि...

काहीच नाही.

सूं नाही, खरखर नाही. नुसती शांतता. आवाजाचं काम करणारी माणसं या एका गोष्टीसाठी वेडी असतात. कान लावून यंत्र निवडायचं ही त्यांची रीत, आणि कानाला शांतता मिळाली की त्यांचं डोकं चालेनासं होतं. पूर्णिमाचंही तेच झालं. चौथं बटण अडकलंय तर अडकू दे, आपल्याला एकच चॅनल हवा.

"परत आणू नका म्हणजे झालं," अनंत म्हणाला.

सोमवारी तिने काम सुरू केलं. आधी खोलीची शांतता रेकॉर्ड करायची असते. मिनिटभर काही न बोलता बसायचं, म्हणजे पुढे वाक्यांमधल्या रिकाम्या जागा त्या शांततेने भरता येतात. ती श्वास आवरून बसली.

वीस सेकंद... तीस सेकंद...

थाड्!

ती दचकली. हेडफोन काढला. खोलीत काही नव्हतं. पुन्हा लावला.

थाड्! थाड्! काहीतरी जड, मांसावर बसणारं. मग बाईचा आवाज. "नको... आता नको... बोलत नाही मी... नाही बोलत..."

आणि पुन्हा थाड्.

पूर्णिमाला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी बायकोला मारतंय. ती तशीच अनवाणी जिना चढून गेली. वरच्या फ्लॅटला कुलूप होतं. कुलपावर धूळ होती.

खाली वॉचमन गेनबा बसला होता. ही सोसायटी उभी राहिली ती त्याच्याच भावकीच्या शेतावर.

"वर कोण राहतं हो, गेनबा?"

"कोन न्हाई, ताई. दिवाळीपास्नं रिकामंच हाय की."

ती परत आली. माइकची वायर उपसली, तरी मार चालूच. मग तिचं लक्ष चौथ्या चॅनलकडे गेलं. त्याला कुठलीच वायर जोडलेली नव्हती. पण प्रत्येक फटक्याला त्याचा बारका लाल दिवा लुकलुकत होता.

रात्री दिग्विजयने ऐकून पाहिलं. "काही नाहीये गं. एखादं रेडिओ स्टेशन पकडत असेल, वायरचं शिल्डिंग खराब असणार."

"रेडिओवर बाईला मारतात?"

"नाटक असेल."

नवरा शहाणा असला की अशी फजिती होते. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर असतं. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काही उतरत नव्हतं, म्हणून पूर्णिमाने काम चालू ठेवलं. मंगळवारी ती बाई किंचाळली. बुधवारी हाड मोडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर बाई काही बोलली नाही. फक्त मारणाऱ्याची धाप... आणि ती धाप आता जवळून येत होती.

"शुक्रवारी मिक्सर परत करते," पूर्णिमाने ठरवलं. "अनंत हसला तरी चालेल."

पण गुरुवारी संध्याकाळी शेवटचे तीन धडे द्यायचे होते. काम हातचं गेलं तर पुन्हा कुणाच्या तरी नावाने बोलणं आलं. म्हणून ती बसली. मी तिच्या जागी असते तर मीही बसले असते.

दुपारी बाराला तिने आतून कडी लावली. बाहेरचा दिवा लावला. धडा अडतीसावा.

"यंत्र सुरू करण्याआधी आपले हात, कपडे आणि केस दूर आहेत याची खात्री करा..."

पावणेएक वाजले. तिला कळलं नाही, पण वीज गेली होती. गुरुवारी दुरुस्तीसाठी जायचीच. खोलीत पंखा नाही, ट्यूब नाही, लॅपटॉप बॅटरीवर. मग कळणार कसं?

तिला एवढंच जाणवलं, की आपण धापा टाकत नसतानाही कुणीतरी धापा टाकतंय.

डाव्या कानात... गरम वाफेसकट.

तिने हेडफोन ओढला. तो निघेना. त्याची वायर मानेभोवती फिरली होती, एकदा, दोनदा. आणि मग वायर कुणीतरी खेचली.

खुर्चीसकट ती मागे कोसळली. डोकं फरशीवर आपटलं. उठायला हात टेकला तर माइकचा लोखंडी स्टँड त्या हातावर आला. आदळला. पुन्हा उचलला गेला. पुन्हा आदळला. तीन बोटं मोडल्याचं तिला आवाजावरून कळलं. हाड मोडल्याचा आवाज तिने आदल्याच दिवशी ऐकला होता.

समोर कुणीच नव्हतं. पण पोटात लाथ बसत होती. केस धरून डोकं आपटलं जात होतं. तिने अंधारात चावा घेतला आणि दातांत काहीतरी आलं. खारट, केसाळ, माणसाच्या मनगटासारखं. ते हललं, पण सुटलं नाही. दुसरा हात तिच्या गळ्यावर आला आणि अंगठा बरोबर मधोमध रुतला. जिथून आवाज निघतो तिथे.

तिला ओरडायचं होतं. नुसती घरघर आली.

आणि तेव्हाच...

"सूचना क्रमांक सात," माइकसमोर कुणीतरी शांतपणे वाचायला लागलं. "मशीन थांबल्याशिवाय हात आत घालू नका."

तो पूर्णिमाचाच आवाज होता. स्वच्छ, भरवशाचा.

दाराबाहेर सुशीलाबाई उभ्या होत्या. आपटल्याचा आवाज ऐकून त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या. त्यांनी दाराला कान लावला. सून वाचत होती, न अडखळता, नेहमीपेक्षाही छान. वर लाल दिवा लागलेला. सुशीलाबाई दार न वाजवता परत गेल्या आणि गवार मोडत बसल्या.

आत सून मरत होती.

पूर्णिमाला सासूची पावलं जाताना ऐकू आली. त्या क्षणी तिला कळून चुकलं, की आता कुणी येणार नाही. आपण इतका पक्का बंदोबस्त केलाय की आपला जीव गेला तरी बाहेर वाचनच ऐकू जाईल. ती चिडली. भीती संपून नुसता संताप उरला. जमिनीवर पडल्या पडल्या तिने दोन्ही पायांनी खिडकीच्या गादीवर लाथा घातल्या. एक, दोन, पाच... गादी सरकली आणि काच फुटली. तिची टाच हाडापर्यंत चिरली. काचा खाली पार्किंगमध्ये पडल्या.

गेनबाने वर पाहिलं. तुटलेल्या काचेतून एक रक्ताळलेला पाय बाहेर आला होता.

तो तीन जिने चढून आला तर सुशीलाबाई लहान खोलीच्या दारात आडव्या आल्या. "नको बाप्पा, दिवा लागला आहे! वाचून राहिली ती!"

गेनबाने दिव्याकडे पाहिलं. मग वरच्या थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं.

"आवो आक्का, लाइट कवाच गेलीया... मग ह्यो दिवा कशावर जळतूय?"

सुशीलाबाईंच्या हातातली गवार खाली पडली. आतून आवाज आला, "धडा समाप्त. धन्यवाद." आणि दिवा विझला.

गेनबाने खांद्याने दार तोडलं. वायर इतकी रुतली होती की ती कापताना कातडीही कापावी लागली. वीज नसलेल्या त्या खोलीत मिक्सरचे चारही दिवे पेटलेले होते. गेनबाने माइकचा स्टँड उचलला आणि मिक्सरचा पत्रा फाटेपर्यंत त्यावर घातला. उरलेला सांगाडा त्याने मुठा नदीत नेऊन टाकला.

पूर्णिमा वाचली. आवाज वाचला नाही. स्वरयंत्र चेपलं होतं. आता तिच्या घशातून फक्त हवा निघते. पोलिसांनी दिग्विजयला दोन दिवस पिळून काढलं. पण तो त्या दुपारी ऑफिसात होता, आणि खोलीला आतून कडी होती.

लॅपटॉपवर मात्र रेकॉर्डिंग सापडलं. बारा अठ्ठेचाळीस ते एक एकोणतीस. तीनही धडे, एकही चूक नाही. त्यात आपटणं नाही, काच फुटणं नाही, घरघर नाही. चाकणवाल्यांनी कळवलं, सगळ्यांत उत्तम हेच झालंय. शेवटी नाव घातलं. ‘आवाज : पूर्णिमा’.

पूर्णिमाने पाटीवर लिहिलं, "हा माझा आवाज नाही. पुसून टाका."

"अगं, तुझाच आहे," दिग्विजय रडत म्हणाला. "मी ओळखणार नाही का?"

सासूनेही तेच सांगितलं. खरं सांगते, मी ऐकलं तेव्हा मलाही तो तिचाच वाटला. तिचं खरं मानायला कुणी तयार नाही, आणि ओरडून सांगायला तिच्याकडे काही उरलं नाही.

दिग्विजयने तिच्यासमोर फाइल पुसली. पण एक कॉपी ठेवली. बायकोचा आवाज राहावा म्हणून. वाईट हेतू नव्हता बिचाऱ्याचा.

काल तिचा मेसेज आला. मोडक्या बोटांनी केलेला, म्हणून तुटक.

परवा दुपारी ती ताट घेऊन लहान खोलीकडे गेली. दार बंद होतं. आत दिग्विजय. आणि आतून तिचा आवाज आला...

"जेवलास का रे?"

हे वाक्य त्या चाळीस धड्यांत कुठेच नव्हतं.

"नाही गं, थांबलोय तुझ्यासाठी," दिग्विजय म्हणाला. आणि तो आवाज हसला.

पूर्णिमाने ताट टाकलं आणि दारावर लाथा घातल्या. आतून तिच्या नवऱ्याचा वैतागलेला आवाज आला.

"कोण आहे? आम्ही बोलतोय ना!"

एवढाच मेसेज. त्यानंतर तिचं काही नाही. सकाळपासून मी चार वेळा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. पूर्णिमा आता फोन उचलत नाही, तिला बोलता येत नाही. पण मघाशी एकदा धीर करून नंबर लावलाच.

दुसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला... आणि स्वच्छ, भरवशाच्या आवाजात माझं नाव घेतलं.