टप उघडला त्या दुपारी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. शैलश्री माझी मावसबहीण. तिनं सांगितलं तेच सांगतो. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलंय.

मागचा उन्हाळा. रात्र नव्हती, भर दुपार होती. भालकीकडून खटकचिंचोळीला जाणारा रस्ता.

तिचा नवरा रविकुमार बिदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत शेड टाकून जुन्या गाड्या दुरुस्त करतो. औरादच्या इंदिराबाई नावाच्या एका म्हातारीच्या गोठ्यात त्याला एक विलायती गाडी सापडली. सनबीम. साठच्या दशकातली, लाल, दोनच सीटांची, मागं दुमडणारा कापडी टप. अशी गाडी शोधून मिळत नाही. ती उभी करण्यात त्याचं वर्ष गेलं.

त्या दुपारी पहिली चक्कर. टप दुमडून दोघं निघाले.

गाडीनं वेग धरला. कडेची कडुलिंबाची झाडं वाऱ्यानं सळसळत होती.

पण शैलश्रीची एक बट हलेना...

पदर मांडीवर जसाच्या तसा.

उघड्या गाडीत वारंच नव्हतं.

"अहो, वारं कामून लागंना?"

इंजिनाचा आवाजही विरत गेला. गाडी मात्र पळत होती.

मग तिच्या मानेमागून...

"झाक गं अक्का. ऊन लागायलंय."

बाईचा आवाज. दमलेला.

मागं सीटच नव्हती. नुसतं दुमडलेलं कापड.

"गाडी थांबवा! तुमाला ऐकू आलं न्हाई?"

त्यानं गाडी थांबवली. उतरला, टप ओढून लावला, परत आत बसून खटके बसवले. मग मागं वळला आणि हळूच म्हणाला,

"आता बरं वाटायलंय का?"

शैलश्रीनं दार उघडलं आणि रस्त्यानं पळत सुटली.

एका टेम्पोवाल्यानं तिला घरी सोडलं. तिनं इंदिराबाईंना फोन लावला.

"मावशी, त्या गाडीत कोण..."

पलीकडं आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग,

"टप उघडलाव का, बाई?"

फोन बंद झाला. पुन्हा कधी लागला नाही.

शैलश्रीनं गाडी विकायचा हट्ट धरला. हैदराबादहून लोक आले. रविकुमारनं त्यांना दारातूनच परत पाठवलं.

"तिला एकटीला कसं धाडू?" एवढंच म्हणाला.

आता तो रोज दुपारी शेडमध्ये जातो. टप लावलेल्या गाडीत बसून राहतो. जेवायलाही घरी येत नाही.

मागच्या आठवड्यात शैलश्री मला तिकडं घेऊन गेली. पत्र्याची शेड भट्टीसारखी तापली होती. आतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. थोडं बोलायचा, थांबायचा... मग हसायचा.

मी गाडीच्या काचेवर टकटक केली.

रविकुमारनं काच थोडीशी खाली घेतली. ओठावर बोट ठेवलं.

"हळू, अण्णा. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

शैलश्री माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.

मी तिचा हात धरला आणि पाय न वाजवता शेडबाहेर आलो.