ललितमामाची गप्प गाडी

"पाठ कर. 'ब्रेक लागले किंचाळू, मेकॅनिक झाले गार, ललितरावांनी हात लावला, गप्प झाली कार.' उद्या डोहाळजेवणात हाच उखाणा घ्यायचा."

पंचवटीच्या त्या उतरत्या गल्लीत, घरासमोर मांडलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ललितमामा बायकोला तिचाच उखाणा सांगत होता. याच खुर्चीतून तो रोज जगाला अक्कल वाटायचा. अंबडच्या एका कारखान्यात तो कामगारांची हजेरी बघायचा, आणि एवढ्या भांडवलावर यंत्रं आपल्याला घाबरतात असं त्याला वाटायचं.

सृष्टीमामी ओट्यावर बसून हसली. तिला सातवा महिना होता. उद्या सकाळी दारातल्या याच गाडीने घाट ओलांडून सगळे तिच्या माहेरी, सुरगाण्याला जाणार होते. दिवाळीच्या सुट्टीत सिन्नरहून आलेली तेरा वर्षांची वेदिका आणि तिचा धाकटा भाऊ सार्थकही.

"मामा," वेदिका म्हणाली, "कालपर्यंत ब्रेक दाबला की गाडी टिटवीसारखी ओरडायची. आज एकदम गप्प कशी?"

"हात लागतो त्याला."

"हात लागला की हाताने काय केलं?"

"ते तुला नाही कळायचं. तू रांगोळी काढ."

वेदिका रांगोळी काढायला गेली नाही. सकाळी बाजारातून आलेली गाडी नेहमीच्या जागी न थांबता हातभर पुढे घसरली होती आणि ओट्याखालची बादली आडवी झाली होती. मामाने बादलीलाच शिव्या दिल्या होत्या.

"बादली फार माजलीय या घरातली," सार्थक पुटपुटला.

दोघं पुढच्या चाकाशी उकिडवी बसली. चाकाच्या आतल्या बाजूने काहीतरी चमकत ओघळलं होतं. वेदिकाने बोट लावून वास घेतला आणि तडक मामीच्या शिवणयंत्राकडे गेली. तिथली तेलाची कुपी रिकामी होती.

सार्थकचे कान लाल झाले. दोन वर्षांपूर्वी ताईच्या सायकलचा ब्रेक कुरकुरतो म्हणून त्याने रिमला असंच तेल पाजलं होतं, आणि ताई भरबाजारात फ्लॉवरच्या ढिगात जाऊन बसली होती.

"मी तेव्हा आठ वर्षांचा होतो," तो घाईघाईने म्हणाला.

"हो ना. मामा अडतीस वर्षांचा आहे."

तिने चाकाच्या फटीतून टॉर्च मारला. आत चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती होती आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे ब्रेकपॅड. ते झिजून पुठ्ठ्याएवढे उरले होते. सायकलचं रबर संपलं की धातू घासून चरचरतं, तशीच ही गाडी ओरडत होती. तिचं ऐकण्याऐवजी कुणीतरी तिच्या तोंडात तेल ओतलं होतं.

मामाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "सायकलचं शास्त्र गाडीला लावतेय! ऐकलंस का गं?"

"अहो, एकदा बघून तर घ्या," मामी म्हणाली. तिचा हात नकळत पोटावर गेला.

"तू उखाणा पाठ कर."

मामीच्या त्या हाताकडे वेदिका बघत राहिली. हात सायीसारखा अलगद टेकला होता, आतलं पाखरू झोपेतून उठू नये म्हणून. उद्या तेच पाखरू घाटाच्या वळणांवरून खाली येणार होतं.

मग ती गोड हसली. "बरोबर आहे मामा, आम्हाला काय कळतंय. तुझं कसब व्हिडिओत काढू का? उद्या सगळ्या सुरगाण्याला दाखवू."

मामाची कॉलर आपोआप सरळ झाली.

"खूण म्हणून तुझीच खुर्ची ठेवतो," सार्थक म्हणाला. "हातभर अलीकडे थांबवायची."

"वीतभर अलीकडे थांबवतो."

सार्थकने खुर्ची गल्लीच्या मधोमध मांडली. वेदिकाने गल्लीतल्या सगळ्या पोरांना ओट्यांवर चढवलं आणि व्हिडिओसाठी मोबाईल सार्थकच्या हातात दिला. "मामा, अगदी हळू ये. आणि हँडब्रेकवर हात ठेव. तो मागची चाकं धरतो, तिथे तू हात लावलेला नाहीस."

"मला शिकव आता."

गाडी आली, अगदी चालत्या माणसाच्या वेगाने. मामाने ब्रेक दाबला. गाडी ओरडली नाही, कुरकुरली नाही, आणि थांबलीही नाही. देवळात शिरणाऱ्या भाविकासारखी शांतपणे खुर्चीपर्यंत गेली आणि खुर्चीत शिरली. कडाड! मामाने हँडब्रेक खेचला तेव्हा कुठे ती थांबली. सिंहासनाचे दोन पाय बंपरखाली होते, उरलेले दोन आकाशाकडे.

"वीतभर पलीकडे," सार्थकने जाहीर केलं.

मामी हसली नाही. ओट्यावरून हळूच म्हणाली, "अहो, उद्या आपलं लेकरू रडलं की काय करणार? का रडतंय ते बघाल, की तोंडात तेल घालून गप्प कराल?"

मामा गाडीतून उतरला आणि पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. गल्लीने हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला.

दुपारी गाडीसोबत आलेली पुस्तिका पहिल्यांदा तिच्या प्लास्टिकमधून बाहेर आली. गाडी सपाट जागी नेऊन मागच्या चाकांना दगड लावले, मग जॅक. वेदिका पुस्तिका वाचत होती, सार्थक नट पत्र्याच्या डब्यात टाकत होता आणि मामा मुकाट्याने पान्याने नट सोडवत होता. तेल प्यायलेले पॅड कचऱ्यात गेले. चकत्या ब्रेक क्लीनरने धुऊन स्वच्छ फडक्याने पुसल्या, दुकानातून आणलेले नवे पॅड दोन्ही चाकांत बसले.

"आता ब्रेक दाब. पाय घट्ट लागेपर्यंत दाबत राहा," वेदिका म्हणाली.

"दाबतो, बाई," मामा म्हणाला. बाई म्हणाला तो.

मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या झाल्या. गाडी दरवेळी पाय ठेवला तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी सुरगाण्यात हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी लेवून मामी पाटावर बसली. बायका उखाण्यासाठी अडून बसल्या. मामा दारात उभा होता, नखांत अजून काळं. पाठ केलेला उखाणा येणार म्हणून त्याने मान खाली घातली.

मामीने वेदिकाला आणि सार्थकला जवळ ओढलं.

"घाट आला वळणाचा, गाडी थांबली नीट,
ललितरावांची खुर्ची मोडली, भाचरं माझी धीट."

खुर्चीचं काय, ते सगळ्या बायकांनी एकदमच विचारलं. सार्थकने मोबाईल काढला.